उजनीचं नंतर, आधी बुटाचं बोला: सोलापुरातून पहिल्यांदा स्कीइंगला निघणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी पार्क स्टेडियमच्या बाहेर चहाच्या गाड्यापाशी आम्ही आठ-दहा जण उभे असतो, लोक आम्हाला बर्फवाले म्हणतात, म्हणजे गोळेवाले नव्हे, स्कीइंगला जाणारे. सोलापुरात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, काय बे, एप्रिलमध्ये डोक्यावर ओला टॉवेल टाकून फिरणारी माणसं तुम्ही, तुमचा आणि बर्फाचा काय संबंध? संबंध एवढाच की आमच्यातले एक काका फौजेत होते, तिथं स्की शिकले, त्यांच्या गोष्टी ऐकून एकजण उत्तराखंडात औलीला कोर्स करून आला, त्याचे फोटो बघून मी गेलो, आणि मग ते लागलंच. आता दरवर्षी दिवाळी झाली की दोन-चार नवीन पोरं-पोरी येतात, कधी नवराबायको येतात, आणि विचारतात, काका आम्हालाही जायचंय, काय काय घ्यावं लागतं?

घोटाळा तिथंच होतो. प्रश्न बुटाचा असतो, पहिलं उत्तर बुटाचंच येतं, दुसरा ते खोडतो, तिसरा म्हणतो तुम्ही दोघं गेलाच कधी गुलमर्गला, पाच मिनिटांत विषय उजनी धरण किती टक्के भरलं यावर, दहा मिनिटांत नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर, आणि नवीन माणूस रिकामा कप धरून उभा. गेल्या वर्षी एक मुलगी चक्क वही घेऊन आली होती. तासाभरानं तिच्या वहीत डोकावलो तर शेवटची ओळ होती, लसूण जास्त, कूट जाडसर. त्या दिवशी शेंगाचटणीचं भांडण लागलेलं.

तर त्या मुलीसाठी आणि तिच्यामागून येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी कुठं आणि कधी

हे भांडण छोटं असतं, पटकन उरकू. शिकायला आपल्या देशात गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचं सोलंग ही तीन नावं डोक्यात ठेवा. सोलंगला बरेच लोक तासाभरासाठी भाड्याचा रंगीत सूट चढवून, एकदा घसरून, फोटो काढून येतात, त्याला आमचे सुभेदारकाका स्कीइंग मानत नाहीत, ते तोंडावर सांगतात, आणि ज्यानं नुकताच तसला फोटो दाखवलाय तो चिडतो. तुम्ही त्यात पडू नका, पण खरंच शिकायचं असेल तर कोर्स करा. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे 7 आणि 14 दिवसांचे कोर्स असतात, गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीत अटल बिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे. अशा कोर्सच्या फीमध्ये बहुतेक वेळा सामानही येतं, म्हणजे निम्मं भांडण तिथंच संपलं. औलीला जाणार असाल तर जोशीमठहून वर जाणारा रोपवे चालू आहे का ते आधी विचारा, 2023 च्या जानेवारीत गावाच्या जमिनीला भेगा पडल्या तेव्हा तो बंद केला होता. बंद असेल तर रस्ता आहेच.

तारखेचं मात्र आपलं स्वतःचं गणित आहे. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, तेव्हा अस्सल सोलापूरकर गाव सोडत नाही आणि सोडला तर घरचे सोडत नाहीत. हे एका अर्थानं बरंच आहे. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे थंडीचा कडाका, पण थंडी आहे म्हणजे बर्फ आहेच असं नसतं. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते, लोक पिवळ्या गवतावर उभं राहून फोटो काढत होते, आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. म्हणून आमचा नेम असा की यात्रा करायची, हुरडा खायचा, आणि फेब्रुवारीत निघायचं. दिल्लीपर्यंत कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, रिझर्वेशन मात्र दोन महिने आधी करा.

कट्ट्यावर प्रश्न कसा विचारायचा

'सगळ्यात भारी बूट कुठला' असं विचारलंत की संपलं. त्याला उत्तर नसतं, त्याला फक्त बाजू असतात. आमच्यातला इंजिनिअर एका कंपनीचं नाव घेणार, बँकवाले काका म्हणणार एवढ्या पैशात माझी स्कूटर आली होती, आणि तुम्ही मधे.

त्यापेक्षा असं विचारा: माझं पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर, वजन बहात्तर किलो, वय अमुक, कधीच केलेलं नाही, औलीला सात दिवसांचा कोर्स आहे, काय विकत घेऊ आणि काय भाड्यानं घेऊ? आकडे दिले की लोक गप्प होऊन विचार करतात, हे मी सुताच्या धंद्यात शिकलो. 'चांगलं सूत द्या' म्हणणाऱ्याला काहीही खपवता येतं, काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते, सांगणाऱ्याला नाही.

आणि सल्ला देणारा स्वतः किती दिवस बर्फावर होता ते हळूच विचारून घ्या. आमच्याकडं एक सर आहेत, त्यांचं वाचन प्रचंड, कुठल्या स्कीच्या पोटात कुठलं लाकूड ते सांगतील, बर्फावर एकूण चार दिवस. सुभेदारकाका उलटे, अनुभव डोंगराएवढा, पण सगळा जुन्या सामानावरचा. दोघांचंही ऐकायचं, फक्त कुणाचं कशाबद्दल ऐकायचं ते कळलं पाहिजे.

बूट

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको. शिकणाऱ्याचं भाड्याच्या कसल्याही स्कीवर भागतं, बूट चुकला की पहिल्या तासात बोंब. स्की वळते ती पायाच्या जोरावर, नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची, बूट तो जोर बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीवर पकडून ठेवणाऱ्या खटक्याला देतो आणि बाइंडिंग स्कीला. मधे पाऊल ढिलं असलं तर तुम्ही म्हणता उजवीकडं, स्की म्हणते बघू.

पहिल्या वर्षी मी भाड्याच्या दुकानात गेलो, तिथल्या माणसानं विचारलं नंबर किती, मी म्हणलं नऊ, त्यानं ढिगातनं एक जोड काढून पुढं टाकला. मी दोन जोड सुती मोजे घातलेले, बायकोनं बजावलं होतं. बूट मस्त ऐसपैस वाटला, म्हटलं वा, नशीब चांगलंय. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. परत आल्यावर कट्ट्यावर चप्पल काढून दाखवली तर सगळे एका सुरात, बूट लहान होता बे. सुभेदारकाका एकटे म्हणाले, मोठा होता. यावर दोन रविवार गेले, मधे एकदा उजनी येऊन गेलं, पण शेवटी काकांचंच खरं निघालं. बूट मोठा असला की उतारावर पाऊल आत पुढं सरकतं आणि दर वळणाला अंगठा समोरच्या भिंतीवर आपटतो, दिवसातून पाचशे वेळा आपटलं की नख काळं होणारच. लहान बुटानंही दुखतं, पण नवशिक्यांची नखं मी पाहिली ती बहुतेक मोठ्या बुटानं गेलेली, कारण सैल बूट दुकानात बरा वाटतो आणि आपण तोच उचलतो.

तर निघायच्या आधी घरी हे करा. संध्याकाळी, म्हणजे दिवसभरात पाय जरा सुजलेला असतो तेव्हा, जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापाशी कुणाला तरी पेन्सिलनं खूण करायला सांगा, पेन्सिल उभी धरायची, तिरकी नाही. भिंतीपासून खुणेपर्यंत जे सेंटिमीटर येतील तोच स्कीबुटाचा नंबर, त्याला मोंडो म्हणतात, काही बुटांवर 26.5 लिहिलेलं असतं, काहींवर 265. दोन्ही पावलं मोजा, मोठं असेल ते धरा. पंजाची रुंदीही मोजा, कारण आपण बारा महिने चपलेतली माणसं, आमच्यातल्या बहुतेकांचा पंजा पसरट आहे, आणि स्कीबूट साधारण 98 ते 104 मिलिमीटर रुंदीत येतात. लांबी जुळून रुंदी चुकली तर पाऊल मुंग्या येऊन बधिर होतं, आणि लोकांना वाटतं थंडीनं झालं.

दुकानात गेल्यावर बुटाच्या आतला मऊ भाग, लायनर, बाहेर काढायला सांगा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढं टेकवा आणि टाचेच्या मागं किती जागा राहते ते बघा. एक ते दोन बोटं जाडीची जागा म्हणजे ठीक, तीन गेली तर बूट मोठा. एक गंमत सांगतो, 26 आणि 26.5 चं कवच एकच असतं, त्यामुळं 'अर्धा नंबर मोठा देतो साहेब' म्हणून कुणी काही केलं तर त्यानं फारसं काही केलेलं नाही.

मग लायनर परत घालून, एकच मोजा घालून, पातळ आणि गुडघ्याखालीपर्यंत येणारा, सुती नको, बूट चढवा. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागं बसवा, आधी घोट्याजवळचं बकल लावा, मग वरची, पंज्यावरची सगळ्यात शेवटी आणि हलकीच. थर्मलचा पायजमा बुटात कोंबू नका, तो वळकटी करून नडगीवर बसतो आणि संध्याकाळपर्यंत खड्डा पाडतो. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर मागं सरकली पाहिजेत, आणि टाच उचलली जाता कामा नये. असं पंधरा-वीस मिनिटं उभे राहा. दाबून धरल्यासारखं वाटणं बरोबर, एकाच ठिकाणी टोचणं चूक.

बुटाच्या कडकपणालाही आकडा असतो, फ्लेक्स म्हणतात. शिकणाऱ्याला 60 ते 80 पुरे, वजनदार पुरुषाला थोडा जास्त. आमचा इंजिनिअर 120 चा बूट घेऊन आला होता कारण आकडा मोठा, आणि पहिले दोन दिवस तो गुडघे वाकवूच शकला नाही, नंदीध्वजासारखा ताठ उभा. शिवाय एका कंपनीचा 80 दुसऱ्या कंपनीच्या 80 एवढाच कडक असेल असं काही नाही, तेव्हा आकड्यावरून भांडण करण्यात अर्थ नाही, तरी ते होतंच.

विकत घ्यायचं की भाड्यानं

बँकवाले काका म्हणतात भाड्यानं, इंजिनिअर म्हणतो विकत, आणि हे भांडण आमच्याकडं इतकं जुनं आहे की चहावाला त्यांची वाक्यं आधीच म्हणून दाखवतो. माझं मत सांगतो. पहिल्या दोन खेपा सगळं भाड्यानं. तिसऱ्यांदा जाणार हे नक्की झालं, घरचेही मान्य आहेत, तर फक्त बूट घ्या. स्की घेऊ नका, सोलापुरात ती वर्षातले साडेअकरा महिने कपाटामागं उभी राहणार आणि येणारे-जाणारे विचारणार हे काय. बूट विमानात हातातल्या सामानात न्या, स्की हरवली तर दुसरी भाड्यानं मिळते, तुमच्या पायाला बसलेला बूट मिळत नाही.

जुने बूट स्वस्तात मिळतायत म्हणून उडी मारू नका. ते प्लास्टिक दहा-बारा वर्षांत आतून कुजायला लागतं, वरून चकाचक दिसतं आणि उतारावर फाटकन् तुकडे होतात.

स्की आणि बाइंडिंग

सुभेदारकाका शिकले तेव्हाच्या स्की सरळ आणि दोन मीटर लांब, हात वर केला की मनगटापर्यंत यायच्या. 1990 च्या दशकात एलान या स्लोव्हेनियाच्या कंपनीनं आणि मग सगळ्यांनीच कमरेला बारीक स्की काढल्या, पुढून-मागून रुंद, मधे निमुळत्या. अशी स्की कडेवर तिरकी केली की वाकते आणि आपोआप कमानीत वळते, त्यामुळं लांबी कमी झाली आणि शिकणं सोपं झालं. काका अजून म्हणतात हनुवटीएवढी स्की म्हणजे खेळणं. त्यांचं ऐकून घ्या, चहा पाजा, आणि भाड्यानं घेताना हनुवटी ते नाक या दरम्यानचीच घ्या. मधली रुंदी 70 ते 85 मिलिमीटर असली की तयार, म्हणजे बर्फ दाबून सारखा केलेल्या, उतारावर बरी पडते. शंभराच्या वरच्या रुंद स्की खोल मऊ बर्फासाठी, त्या गुलमर्गला परदेशी लोकांच्या खांद्यावर दिसतील, दिसायला झकास, शिकताना तुम्हाला काही उपयोग नाही.

भांडावं असं काही खरंच असेल तर ते बाइंडिंग, आणि त्यावर कुणी भांडत नाही. बाइंडिंगचं काम दोन, बूट धरून ठेवणं आणि वेळ आली की सोडणं. तुम्ही पडलात आणि स्की सुटली नाही तर ती लांब फळी तुमचा गुडघा पिळते. किती जोरानं सुटायचं त्याचा आकडा असतो, डीन म्हणतात, तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून तक्त्यात बघून लावायचा. पन्नाशी गाठली की आकडा खाली येतो. म्हणून इथं वजन खरं सांगा, वय खरं सांगा, आणि 'थोडंफार येतं' अशी बढाई मारू नका, त्या बढाईनं आकडा वर जातो आणि गुडघ्याचं बिल तुम्हाला येतं. मी पाहिलेल्या भाड्याच्या दुकानांत बरेचदा आधीच्या गिऱ्हाइकाचाच आकडा तसाच ठेवून देतात. तेव्हा दुकानदारानं स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्याशिवाय त्याला सोडू नका. स्कीत पाय घालताना बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीनं खरवडून काढा, नाहीतर बूट अर्धवट बसतो आणि नको तिथं सुटतो.

काठ्यांचं सोपं आहे. काठी उलटी करून तिची मूठ जमिनीवर टेकवा, टोकाजवळच्या चकतीच्या लगेच खाली हातानं धरा, कोपर काटकोनात आलं की लांबी बरोबर.

मेणावर म्हणजे वॅक्सवर कट्ट्यावर एक अख्खा डिसेंबर गेला होता. भाड्याच्या स्कीला तुम्हाला वॅक्स करायचं नाहीये. पुढे.

कपडे, किंवा टॉवेलच्या गावाला हे सांगायची वेळ यावी

आपलं गाव टॉवेल विणतं. सुती टॉवेल पाणी पितो आणि धरून ठेवतो, तेच त्याचं काम, त्यावर निम्म्या शहराचं पोट आहे. मग तोच सुती धागा बनियन, मोजे आणि जीनच्या रूपात अंगावर घालून बर्फावर कसे काय जाता? घाम येतो, सूत पितं, तुम्ही लिफ्टच्या रांगेत दहा मिनिटं उभे राहता आणि अंगाला ओला टॉवेल गुंडाळल्यासारखं होतं. मी स्वतः सुताचा व्यापारी, मला हे पहिल्या वर्षी कळलं नाही, म्हणून एवढा चिडून लिहितोय.

अंगाला लागून पॉलिएस्टर किंवा मरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट-पॅंट. वरचा थर भाड्यानं मिळतो, आतले दोन स्वतःचे घ्या, कारण दुसऱ्याचं थर्मल कोण घालणार. हातमोजे दोन जोड, एक ओला झाला की दुसरा.

स्कीचा गॉगल म्हणजे डोक्याला पट्ट्यानं घट्ट बसणारा, त्याच्या जागी साधा उन्हाचा चष्मा चालत नाही, पडल्यावर तो पुढच्या वळणावर सापडतो. ऊन असेल तर काच एस 3 म्हणजे गडद, ढग असतील तर एस 1 किंवा एस 2. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारा गॉगल मागावा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळं सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही लावायचं. आपण सोलापूरचे, उन्हाला काय घाबरायचं, असं म्हणणारा आमचा एकजण गॉगलची पांढरी पट्टी सोडून बाकी सगळा वांग्यासारखा भाजून आला होता, आणि घरी भाच्यांनी त्याला दोन महिने माकड म्हणलं.

हेल्मेट. एकानं बाइकचं न्यायचं ठरवलं होतं, आयएसआय मार्क आहे म्हणाला, डोकं ते डोकंच. त्यावर कट्टा बरोबर अर्धा अर्धा फुटला. अहो, बाइकचं हेल्मेट जड, कान बंद, बाजूचं दिसत नाही, आणि मागून येणारा ओरडला तर ऐकू येत नाही. स्कीच्या हेल्मेटवर ईएन 1077 हा आकडा बघा, बकल लावा, डोकं जोरात हलवा, हललं नाही पाहिजे.

शरीराची तयारी, आणि कट्ट्याचा एकमेव खरा उपयोग

दोन महिने आधी सुरू करा. भिंतीला पाठ टेकवून हवेत खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, आधी वीस सेकंद, मग वाढवत दोन मिनिटं. स्टेडियमच्या पायऱ्या चढा, आणि मुख्य म्हणजे उतरा, सावकाश, गुडघे वाकवून, कारण स्कीइंगला मांड्या उतरतानाच पेटतात. आमच्यात आता नियमच झालाय, ज्याला विषय सोडून बोलायचंय त्यानं भिंतीला टेकून बसून बोलायचं. उजनीवर बोला, पाणीपुरवठ्यावर बोला, क्रिकेटवाल्यांना कोट्यवधी मिळतात आणि 2022 च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला देशातून एकटा गुलमर्गचा आरिफ खान गेला यावर तावातावानं बोला, पण बसून. चाळीस सेकंदांत मुद्दा संपतो. सरांचा रेकॉर्ड दीड मिनिटाचा आहे, त्या दिवशी विषय होता कडक भाकरी मोडून खायची की कुस्करून.

सोलापुरातून काय न्यायचं

कडक भाकरी आणि शेंगाचटणी, यावर दुमत नाही, दोन्ही टिकतात आणि वर दुपारी भूक अशी लागते की बस्. फक्त भाकरी जॅकेटच्या खिशात ठेवू नका, मी ठेवली होती, पडलो, आणि मग घरी येईपर्यंत खिशातनं ज्वारी निघत होती. किल्ल्या, मोबाइल, टोकदार काहीही छातीच्या किंवा मांडीच्या खिशात नको, त्यावरच पडणं होतं. सोलापुरी चादर गाडीत आणि हॉटेलात कामाची. बर्फावर अंगावर घेऊन फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो, काढा आणि लगेच घडी घाला, तीही सुतीच आहे.

वर गेल्यावर

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर, गुलमर्ग 2,650, आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवटवर साधारण 3,950 मीटरला सोडतो. पहिला दिवस नुसतं फिरा, पाणी प्या, डोकं दुखत असेल तर आणखी वर जाऊ नका. दुसऱ्या टप्प्यावर स्की घेऊन जाणं नवशिक्याचं काम नाही, वरून खाली यायला तयार केलेला सोपा उतार नाही आणि तिथं हिमस्खलनं होतात. तिकडं जाणारे ट्रान्सीव्हर म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, आणि फावडं घेऊन, ते वापरायला शिकून, जाणत्या माणसाबरोबर जातात. कुणी 'चल बे, काय होतंय' म्हणालं तर त्याला एकट्याला जाऊ द्या, म्हणजे खरं तर त्यालाही अडवा.

उतारावर एक नियम पाठ करा, पुढच्याचा हक्क पहिला. तो कसाही वळो, मधेच थांबो, मागून येणाऱ्यानं त्याला चुकवायचं. आणि स्वतः थांबायचं झालं तर कडेला, आणि वरून दिसेल अशा जागी. आपल्याकडं सात रस्त्याला गाडी चालवून ज्यांची सवय घडली आहे त्यांना हे दोन्ही जड जातं.

आणि परत आल्यावर

बूट घेतले असतील तर लायनर बाहेर काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सगळी बकलं हलकी लावून ठेवा, उघडी ठेवली तर कवच फाकून बसतं. ठेवायला घरातला गार कोपरा बघा, पलंगाखाली चालेल. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, मे महिन्यात आपल्याकडं बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतं, माळ्यावर किती होत असेल ते बूटच जाणे, इंजिनिअरच्या 120 वाल्या बुटाच्या लायनरचा गोंद तिथंच सुटला. त्याचं म्हणणं कंपनीचा दोष, बँकवाल्या काकांचं म्हणणं विकत घेतलास तोच दोष, आणि येत्या रविवारी यायचं असेल तर साडेसातला या, त्याच्या नंतर आलात तर बसायला भिंत मिळत नाही.